ताटावरचं नाव

शिबिराला येताना काय काय आणायचं, याची यादी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर यायची. सतरंजी, पांघरूण, दोन जोड कपडे, वही, पेन्सिल, ताट, वाटी, पेला. आमच्या घरी, पिंपळगाव रेणुकाईत, बाकी कशावर बोलणं झालं नाही, ताटावर मात्र झालं. घरात स्टीलचं ताट एकच होतं. तेही आईच्या लग्नात आहेरात आलेलं, कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव, आडनाव, गाव आणि ‘सप्रेम भेट’ टोचलेलं. बाकीची सगळी जर्मनची. “चांगलं ताट लेकरासंगं कामून धाडायचं?” हा आईचा सवाल. “चार लोकांत जेवाया बसंल तर जर्मनचं ताट मांडंल का समोर?” हा वडिलांचा जवाब. मी स्टीलचं ताट घेऊन गेलो.

राष्ट्र सेवा दलाच्या मुलांच्या शिबिरांवर लिहा, असं स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी सन-सनावळ्या जमवायला बसलो. त्या पुढे येतीलच. पण सगळ्यात आधी आठवलं ते ताट, त्याला माझा इलाज नाही.

सेवादलाची जन्मतारीख ४ जून १९४१ आणि जन्मगाव पुणे. वंशावळ मात्र त्याआधी १८ वर्षं मागे, थेट हुबळीला जाते. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. ठिकठिकाणचे स्वयंसेवक तुरुंगात गेले आणि तिथला जाच सोसेना म्हणून त्यातले बरेच माफी लिहून देऊन बाहेर आले. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्याबरोबर हुबळीहून आलेली तुकडी तेवढी हलली नाही. ही मंडळी कशी टिकली, याचं काँग्रेसच्या पुढाऱ्यांना नवल वाटलं. उत्तर साधं होतं. ती तुकडी सत्याग्रहाच्या दिवशी जमलेली नव्हती, आधीपासून एकत्र कवायत करणारी, एकत्र राहणारी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस काकिनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दल उभं करायचं ठरलं. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, संघटनेचा सगळा भार डॉ. हर्डीकरांवर. १९३२ मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली आणि पुढची काही वर्षं हा धागा तुटल्यासारखाच होता.

तो पुण्यात पुन्हा जोडला गेला. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये ही मंडळी त्यात पुढे होती आणि एसेम पहिले दलप्रमुख झाले. कारणं मोठमोठ्या शब्दांत सांगता येतील, पण रोकडं कारण असं की संध्याकाळी मैदानावर खेळायला येणाऱ्या पोरांना राष्ट्रीय सभेकडे काही कार्यक्रमच नव्हता. संघाच्या शाखेत तो होता. मुलं खेळ असेल तिकडे जातात, विचार मागून येतो, हे एसेमनी नेमकं ओळखलं. मग सेवादलाच्या शाखा निघाल्या. त्यांत खेळ, लेझीम, कवायत, गाणी आणि गोष्टी, आणि मुलांच्या बरोबरीने मुलीही. वर्षभरात ‘चले जाव’चा वणवा पेटला. पुढारी तुरुंगात गेले, नाहीतर भूमिगत झाले. खुद्द एसेम दाढी वाढवून ‘इमाम अली’ या नावाने वावरत होते. कालपर्यंत लंगडी-हुतूतू खेळणारी पोरं निरोप आणि पत्रकं पोचवू लागली.

या सगळ्यात आमचं गाव कुठे होतं? नकाशात विचाराल तर निजामाच्या राज्यात. भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो थेट १ मे १९८१ ला. गावापासून थोडं पुढे गेलं की वऱ्हाड लागायचं, तिथे इंग्रजांचा कायदा. इकडे ‘गश्ती निशान ५३’, म्हणजे परवानगीवाचून सभा भरवायची नाही. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही सरकारची करडी नजर. चार पोरं रांगेत उभी करून शिट्टी वाजवणं हासुद्धा राजकारणाचाच प्रकार. म्हणून आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘कॅम्प’ या शब्दाचा अर्थ वेगळाच असे. १९४७-४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते हद्दीपलीकडे राहून लढत होते, ते त्यांचे कॅम्प. उमरखेडच्या कॅम्पातल्या लोकांनी ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली, ही हकिकत मी आजोबांच्या वयाच्या माणसांकडून ऐकली आहे. शिबिराच्या कागदावर ‘कॅम्प’ असं वाचून आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने वडिलांना विचारलं होतं, “लेकराला बंदुकीचं काम का शिकवू राह्यला?”

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा मोकळा झाला आणि पुण्या-मुंबईतली वारी हळूहळू इकडेही पोचू लागली.

मुलांच्या शिबिराचा मूळ नमुना पाहायचा तर मी अंमळनेरला जाईन. साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं नीट लावणं, आजाऱ्याची शुश्रूषा करणं हे ते स्वतः करत. त्याबद्दल मुलांना रागावून काही सांगत नसत. शिक्षक झाडतो आहे हे पाहून मुलांनाच लाज वाटायची आणि ती झाडू घ्यायची. रात्री जागून ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहीत आणि सकाळी मुलं ते वाचत. पुढे सेवादलाच्या शिबिरांत भिंतीवर मुलांचं हस्तलिखित लागायचं, त्याचं कूळ मला तिथे दिसतं. गुरुजी सेवादलाचे पदाधिकारी म्हणून कमी आणि गोष्टी सांगणारे म्हणून जास्त होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले. सेवादलाचं कलापथक त्या दौऱ्यात गात होतं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या सेवापथकाने गावोगावी श्रमदान केलं आणि ‘शिबिर’ म्हटलं की हातात टिकाव-फावडं, हे समीकरण तिथून पक्कं झालं.

कलापथकाबद्दल वेगळा लेख या अंकात असणारच, म्हणून इथे थोडक्यात. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे, निळू फुले, राम नगरकर ही नावं त्यातून पुढे आली. ‘पुढारी पाहिजे’ हे पु. ल. देशपांड्यांचं लोकनाट्य याच कलापथकाने गाजवलं. दादा कोंडके, पुढे स्मिता पाटील, यांचीही पहिली पावलं सेवादलाच्याच अंगणातली. स्मरणिकांमध्ये अशी नावं मोठ्या अक्षरात छापायची आपली रीत आहे. त्याला माझी हरकत नाही, पण शिबिराचा हिशेब तेवढ्यावर मांडू नये. शेकोटीपुढे एकदाच उभं राहून, पाय थरथरत असताना, अर्धं गाणं म्हणून खाली बसलेली पोरं हजारोंनी असतील. त्यातली बरीचशी पुढे ग्रामसभेत उठून बोलली.

उन्हाळ्यात मुलांना घराबाहेर नेऊन ठेवायची कल्पना काही आपलीच नव्हे. अमेरिकेत कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने १८६१ साली आपल्या शाळेतली मुलं तंबू घेऊन बाहेर नेली, तिथून तिकडची शिबिरं मोजतात. इंग्लंडात बेडन-पॉवेलने १ ते ८ ऑगस्ट १९०७ या दिवसांत ब्राउनसी बेटावर २० च्या आसपास मुलं नेली. त्यातली काही बड्या घरच्या शाळांमधली, काही कामकऱ्यांची. ही सरमिसळ त्याने मुद्दाम केली होती. स्काउट चळवळीचा उगम तो. आपल्याकडे मात्र स्काउटिंग सुरुवातीला गोऱ्यांच्या मुलांपुरतंच होतं. ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांना हिंदी मुलांसाठी वेगळी पथकं काढावी लागली.

तिसरी गोष्ट मी शिक्षक झाल्यावर वाचली आणि तिने माझ्या शिबिराचं कोडं सोडवलं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे २२ मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं ११-१२ वर्षांची, सगळी सारख्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले. एकाने स्वतःला ‘रॅटलर्स’ म्हणवलं, दुसऱ्याने ‘ईगल्स’. बक्षिसं लावून सामने सुरू केले आणि काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफने दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं. आपल्याला वाटेल, आता गोडी होणार. झालं उलटंच, मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शेवटी शिबिराचं पाणी बंद पडलं. ते बंद पाडलं होतं शेरीफनेच, मुलांना न कळू देता. टाकीपर्यंतच्या नळात बिघाड कुठे आहे, हे शोधायला दोन्ही गट एकत्र निघाले. पुढे जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’ तेव्हा सगळ्यांनी मिळून तो दोराने ओढला. तोच दोर, ज्याने ते आधी रस्सीखेच खेळले होते. मुलांना अंधारात ठेवून केलेला हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण एकत्र जेवल्याने माणसं जवळ येतातच असं नाही, एकत्र काम अडलं की येतात, हे त्यातून दिसलं ते दिसलंच.

आता माझं शिबिर.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा एक मे महिना. खडीच्या कामावर मिळालेल्या सुकडीची चव अजून जिभेवर होती. तालुक्याच्या गावाबाहेरची एक शाळा, समोर लिंबाची चार झाडं, मागे विहीर. नावनोंदणीला एक ताई बसलेल्या. फक्त नाव आणि गाव सांगायचं, आडनाव नाही. माझ्यामागच्या मुलाने सवयीने आडनाव सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, “ते घरी ठेवून ये.” गट पाडले, त्यांना नद्यांची नावं. पूर्णा, गिरजा, केळना, रायघोळ. मी रायघोळमध्ये.

आडनावं घरी राहिली, ताटं मात्र बरोबर आली होती. पहिल्या पंगतीत वाढणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या माना वाकड्या झाल्या. जो तो शेजारच्याच्या ताटाची कड वाचत होता. कुणाच्या आजोबांचं नाव, कुणाच्या मामाचं, आणि पुढे आडनाव, गाव. आमच्या वयाला आडनावावरून काय ओळखायचं ते पुरतं कळत होतं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या पंगतीत मात्र बसायच्या जागा आपोआप बदलल्या. दुपारी समतेवर बौद्धिक झालं. चांगलं झालं असणार. आम्ही पेंगत होतो, तो दोष उन्हाचा आणि वरणभाताचा.

गोष्ट बदलली ती भांडी घासताना. पहिल्या दिवशी ज्याचं त्याने घासायचं, असा नियम. विहिरीवर रहाट एक, बादल्या दोन आणि पोरं पन्नास-साठ. पाण्यासाठी ढकलाढकली, राख संपलेली, आणि पाणी इतकं खोल की एक बादली वर यायला दम निघायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गटप्रमुखांनीच ठरवलं, एका गटाने पाणी ओढायचं, एकाने राखेने घासायचं, एकाने धुवायचं, चौथ्याने पुसून थप्पी लावायची. अर्ध्या वेळात काम उरकलं. थप्पीतून आपलं ताट शोधत बसायला कुणाला वेळ नव्हता, कारण पलीकडे हुतूतूचा डाव मांडलेला. सकाळी ज्याच्या हाती वरचं जे ताट आलं ते त्याने घेतलं. एक-दोघांनी नाव बघितलं, मागे ठेवलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या दिवशी तेही थांबलं. चौथ्या दिवशी मी ज्या ताटात जेवत होतो त्याच्या कडेवरचं आडनाव मी घरी उच्चारलं असतं तर आजीने मला आधी आंघोळीला पाठवलं असतं. मला त्याची आठवण झाली ती जेवण अर्धं झाल्यावर. मी जेवत राहिलो.

‘एक गाव एक पाणवठा’ ही बाबा आढावांची मोहीम त्याच काळातली आणि आढावही सेवादलाच्याच मुशीतले. मोठ्या माणसांच्या गावात पाणवठ्यासाठी झगडावं लागत होतं. आमच्या त्या विहिरीवर तो प्रश्न दोन बादल्यांच्या तुटवड्याने सोडवला. शिबिराने मुलांना काय दिलं, असं विचारणाऱ्यांना मी हीच हकिकत सांगतो. बाकीचे फायदे आहेतच. दुसऱ्या रात्री निम्मी पोरं घरच्या आठवणीने मुसमुसत होती, चौथ्या रात्री तीच पोरं झोपायला तयार नव्हती. स्वतःची सतरंजी स्वतः गुंडाळायची, उशीर झाला तर रांगेत शेवटी उभं राहायचं, न आवडणारी दोडक्याची भाजी मुकाट्याने खायची, हे शाळेत दहा वर्षांत येत नाही ते आठ दिवसांत येतं. आई जवळ नसते एवढंच त्याचं कारण.

मराठवाड्याने सेवादलाचं काम सगळ्यात जवळून पाहिलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. आई-बाप गमावलेल्या मुलांसाठी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं राहिलं. पन्नालाल सुराणांनी त्याला वाहून घेतलं. त्या मुलांची शिबिराच्या दिवसांवर बोळवण करून भागणार नव्हतं, तिथे शिबिराचंच घर करावं लागलं. सकाळची प्रार्थना, वाटून घेतलेली कामं, संध्याकाळचे खेळ, ही शिबिराचीच घडी तिथे वर्षानुवर्षं चालली.

याच गोतावळ्यातला आणखी एक प्रकार म्हणजे आंतरभारतीचा बालआनंद महोत्सव. निरनिराळ्या राज्यांतली मुलं एका गावात येतात आणि मांडवात न राहता गावातल्या घरांत पाहुणी म्हणून राहतात. एस. एन. सुब्बराव, सगळ्यांचे भाईजी, यांनी ही रीत देशभर नेली. हुबळीच्या त्या सेवादलाशी, डॉ. हर्डीकरांशी, त्यांचा थेट संबंध होता, म्हणजे वर्तुळ फिरून तिथेच आलं. चंबळच्या दरोडेखोरांना १९७२ साली शस्त्रं खाली ठेवायला लावण्यात ज्यांचा हात, तोच माणूस अर्ध्या चड्डीत पोरांकडून गाणी म्हणवून घेतो, हे चित्र ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. २७ ऑक्टोबर २०२१ ला ते गेले.

आजचं सांगायचं तर मे महिन्यात आमच्या गावाकडे उन्हाळी मिरचीची लागण चालू असते. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार ठाऊक नाही असा व्यापारी या भागात नाही. तो बाजार पावसाळ्यात भरायचा तर रोपं आत्ताच रानात जायला हवीत. मल्चिंगच्या कागदाला भोकं पाडत, वाफ्यावर ओणवी होऊन रोप लावणाऱ्या बायांच्या मागे रोपांचे ट्रे उचलायला लेकरं लागतात. ऊसतोडीला गेलेली घरं नुकतीच परतलेली असतात, त्यांची लेकरं तर कित्येक महिने शिबिरातच राहिल्यासारखी, फक्त त्या शिबिरात खेळ नसतो. शिबिराला मुलं पाठवा म्हणून मी दारोदार फिरलो आहे आणि “लागण झाली की नेजा, गुरुजी” हे उत्तर ऐकून परतलो आहे. ते उत्तर खोटं नसतं. परवा नातवाच्या शाळेतून एका उन्हाळी शिबिराचं रंगीत पत्रक आलं. रोबोटिक्स, घोडेस्वारी, वातानुकूलित हॉल, जेवण थाळीत वाढून मिळेल. फीचा आकडा मिरचीच्या एका तोड्याच्या पट्टीएवढा. मुलं तिथेही काहीतरी शिकतीलच. मी फक्त ‘आणायच्या वस्तू’ हा रकाना शोधला. त्यात पाण्याची बाटली आणि टोपी एवढंच होतं.

आठव्या दिवशी दुपारी शिबिर संपलं. गाड्या लागल्या होत्या, थप्पीतून जे हाती लागलं ते पिशवीत टाकून मी पळालो. घरी आल्यावर आईने पिशवी उपसली आणि ताट हातात घेतल्या घेतल्या म्हणाली, “हे आपलं नाही. आपलं जड होतं.” तिला वाचता येत नव्हतं. कडेवरच्या ठिपक्यांवरून तिने बोट फिरवलं आणि ताट वडिलांपुढे धरलं. “काय लिव्हेल हाये?”

वडिलांनी ताट उजेडाकडे फिरवलं. नाव वाचलं, आडनाव वाचलं, परतूर तालुक्यातलं गाव वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं.

“सप्रेम भेट,” ते म्हणाले, “एवढंच लिव्हेल हाये.”

आईने ताट मांडणीत ठेवलं.